परिशिष्टात ढकललेले सतरा महिने

पेटची तयारी करणारी मुलं विचारतात, "ताई, संशोधनातला रोजचा दिवस कसा असतो ते कळेल, असं एखादं पुस्तक सांगा ना." मी फ्रिट्यॉफ नान्सेनचं १८९७ सालचं 'फार्दस्ट नॉर्थ' सांगते. पण माझी त्यावर एक मोठी तक्रार आहे.

सैबेरियाच्या उत्तरेला १८८१ मध्ये 'जीनेट' नावाचं जहाज बर्फाने चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं सामान ग्रीनलँडच्या किनाऱ्याजवळ सापडलं. म्हणजे बर्फ तिकडून इकडे वाहतो, असा नान्सेनने तर्क केला आणि तो तपासायला स्वतःचं जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं. दाब आला की वर उचललं जावं म्हणून 'फ्राम'चा तळ गोलसर केला होता. सप्टेंबर १८९३ मध्ये तेरा माणसांसह ते गोठलं आणि सुटलं ते ऑगस्ट १८९६ मध्ये.

या पुस्तकाचा पहिला खंड मला फार आवडतो. आठला नाश्ता, एकला जेवण, सहाला पुन्हा जेवण. पवनचक्कीवर विजेचे दिवे. आजारी कुणी पडत नाही म्हणून डॉक्टर दर महिन्याला सगळ्यांची वजनं घेतो आणि रक्त तपासतो. दर चार तासांनी हवामानाची नोंद, मग सूर्य महिनोन्महिने उगवो न उगवो. आणि कंटाळा! तो नान्सेनने लपवलेला नाही. दीडेक महिना वाहून जहाज सुरुवातीच्या जागेपेक्षाही दक्षिणेला आलं, तेव्हाची त्याची चिडचिड वाचाच. सिनॉप्सिस तिसऱ्यांदा परत आलेल्या माणसाला ती लगेच कळेल.

सगळ्यात भारी प्रसंग दोराचा आहे. ध्रुवीय समुद्र उथळ असेल असं गृहीत धरून खोली मोजायचा दोर आखूडच आणलेला. तळ लागेना. मग जहाजाचाच एक पोलादी दोर उलगडला, उघड्या बर्फावर त्याचे पदर पुन्हा वळले आणि चारेक हजार मीटरचा नवा दोर केला. (सेलूत मे महिन्यात पंख्याखाली बसून हे वाचताना अंगावर काटा येतो, तेवढाच गारवा.) खोली निघाली तीन हजार मीटरच्या पुढे. गृहीतक साफ चुकलं, आणि नान्सेन ते सरळ मान्य करतो.

आता तक्रार. १४ मार्च १८९५ ला नान्सेन योहान्सेनला घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांवर ध्रुवाकडे निघतो आणि पुस्तकही त्याच्याबरोबर जहाज सोडून जातं. दुसरा खंड म्हणजे अस्वलं, कयाक, दगडी झोपडीतला हिवाळा. थरारक आहे, नाही म्हणत नाही. ८६ अंश १४ मिनिटांचा विक्रमही झाला. पण मागे स्वेर्ड्रुपच्या हाताखाली उरलेली अकरा माणसं पुढचे सतरा महिने तीच रीडिंग्ज घेत होती. 'फ्राम' नुसतं वाहत वाहतच ८५ अंशांच्या पुढे पोहोचलं. ही हकिकत कुठे आहे? दुसऱ्या खंडाच्या शेवटी, परिशिष्टात, स्वेर्ड्रुपच्या सपाट भाषेत.

विज्ञानाला टिकाऊ असं मिळालं ते मुख्यतः जहाजावरच्या नोंदींतून. बर्फ वाऱ्याच्या थेट दिशेने न जाता उजवीकडे सरकतो, या निरीक्षणावरून पुढे एकमनने वारा आणि सागरी प्रवाहांचा सिद्धांत मांडला. वरच्या थंड थराखाली अटलांटिकचं उबदार पाणी आहे, हेही तिथूनच कळलं. तेच अटलांटिकचं पाणी स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डेनमध्ये कसं शिरतं, याचा अभ्यास आपल्या गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही वेधयंत्रणा पाण्याखाली बसवून सुरू केला.

नान्सेनला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. १९०० ते १९०६ दरम्यान त्यानेच मोहिमेच्या शास्त्रीय निष्कर्षांचे सहा खंड संपादित केले. तरी लोकांसाठी लिहिताना त्याने नायक निवडला तो स्वतःचा प्रवास. नोंदी घेणारा स्कॉट हान्सेन पानापानावर दिसायला हवा होता. तो अधूनमधून डोकावतो, बस.

पुस्तक इंग्रजीत नेटवर फुकट मिळतं. पहिला खंड संपला की थेट स्वेर्ड्रुपचं परिशिष्ट उघडा, अस्वलं नंतर.