तीन मार्जारी, एक मुखवटा

एकाच भूमिकेला एकामागून एक निरनिराळ्या नटी लाभाव्यात, यात रंगभूमीच्या रसिकाला नवल वाटण्याचे कारण नाही. देवळाच्या उत्सवात उभी राहणारी नाटके ज्यांनी लहानपणापासून पाहिली, त्यांना ठाऊक आहे की गावची मंडळी पुरुषपात्रे आपसात वाटून घेत आणि नायिकेसाठी बाहेरगावची नटी बोलावीत. यंदा आलेली पुढल्या वर्षी येईलच असा नेम नसे; तरी सुभद्रा ती सुभद्राच राही. ही पाहुणी तालमींना उशिरा यावयाची, एका रात्रीपुरती असावयाची, आणि पुष्कळदा सारे नाटक तीच तोलून धरावयाची.

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर १९६६ ते १९६८ या काळात झालेल्या ‘बॅटमन’ या मालिकेविषयी लिहावयास बसलो असता प्रथम या पाहुणीचीच आठवण झाली. मालिका वीरपुरुषाच्या नावाची. पण तिचे एकशेवीस भाग आज पुन्हा पाहताना मन रमते ते बहुधा पाहुण्यांपाशी. गोथॅम नामक कल्पित नगरीत एक धनिक वटवाघळाचा वेष घेऊन दुष्टांचे पारिपत्य करतो, एवढेच तिचे कथानक. ॲडम वेस्ट हा नट ते काम इतक्या गंभीर चेहऱ्याने करतो की हसू आवरत नाही. आणि तेच दिग्दर्शकांस हवे होते. वीर बदलत नाही, त्याचा बालमित्र रॉबिन बदलत नाही, म्हणून दर आठवड्याची नवलाई खलपुरुषाने किंवा खलनायिकेने आणावयाची. श्रेयनामावलीत तिला ‘विशेष पाहुणी खलनायिका’ असा मान असे.

या मानाला भुलून कोण कोण आले, हे पाहिले की थक्क व्हावयास होते. दोन ऑस्कर पारितोषिके मिळवलेली शेली विंटर्स १९६६ साली दरोडेखोर पोरांची आई होऊन आली. ॲन बॅक्स्टर तर दोनदा आली, एकदा जादूगारीण म्हणून आणि एकदा कोसॅकांची राणी म्हणून. टॅलुला बँकहेड मार्च १९६७ मध्ये ‘ब्लॅक विडो’ झाली, तेव्हा तिचे वय पासष्ट होते आणि पुढल्या वर्षाच्या डिसेंबरात ती वारली. तिचा थकवा पडद्यावर लपत नाही. पण तो घोगरा, तोऱ्याचा आवाज एकदा कानी पडला की बाकीचे पात्र लहान दिसू लागते. सर्वांत हळहळ वाटते ती आयडा लुपिनोची. ज्या काळी हॉलिवूडमध्ये स्त्रीला दिग्दर्शकाच्या खुर्चीपाशी कोणी फिरकू देत नसे, त्या काळी ‘आउटरेज’ आणि ‘द हिच-हायकर’ यांसारखे चित्रपट तिने स्वतः दिग्दर्शित केले. मार्च १९६८ मध्ये, मालिका संपण्याच्या आदल्या आठवड्यात, तिला डॉक्टर कॅसँड्राची भूमिका मिळाली; आणि त्या कथेतली किमया कोणती, तर अदृश्य होण्याची! पैसे संपत आलेल्या निर्मात्यांना अदृश्य खलांशी मारामारी दाखवणे स्वस्त पडले असेल. अशा गुणी स्त्रीला बोलावून दिसेनासे करणे याला पात्रयोजना म्हणवत नाही.

असो. ज्या भूमिकेसाठी हा लेख, ती कॅटवूमनची. ही मार्जारी तीन नटींनी रंगवली, तीही दोन वर्षांच्या आत.

पहिली ज्यूली न्यूमार. उंच, मूळची नर्तकी, रंगभूमीवर टोनी पारितोषिक मिळवून आलेली. १९६६ च्या मार्चमध्ये ती प्रथम दिसली तेव्हापासूनच तिने ही भूमिका आपल्या चालीवर बेतली. ती घाई करीत नाही. खोलीत येते ती भिंतीला, खांबाला, माणसाला अंग घासल्यासारखी. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून आपल्याच नखांकडे पाहते. काळ्या चमकत्या वस्त्राचा तो पोषाख तिने स्वतः बदलून घेतला आणि पट्टा कमरेवरून खाली कटीवर आणला. एवढ्याशा फरकाने तिच्या हालचालीला जो डौल आला, तो कोणा शिंप्याला सुचला नसता. तिच्या पहिल्याच कथेचा शेवट मला फार आवडतो. खोल गर्तेच्या तोंडाशी ती लोंबकळत असते, बॅटमन हात देऊ पाहतो, पण हातातले धन सोडल्याशिवाय तो हात धरता येत नाही. ती धन सोडीत नाही, आणि पडते. मांजराच्या हावरेपणाचे इतके नेमके चित्र दुसरे आठवत नाही.

पुढे लेखकांनी एक गंमत चालू केली. या ब्रह्मचारी वीराचे मन मार्जारीपाशी किंचित चळते, आणि तिचेही. एका कथेत ती त्याला सरळ लग्नाचे विचारते. मग रॉबिनचे काय, असे त्याने विचारताच, त्याला मारून टाकू, पण वेदना होऊ देणार नाही, असे ती समजूतदार गृहिणीच्या स्वरात सांगते. या क्षणी मालिका नुसता पोरखेळ राहत नाही. कर्तव्याच्या चौकटीत गोठलेल्या पुरुषाला घाम फुटलेला दिसतो, आणि ॲडम वेस्टच्या अभिनयाला जर कोठे खोली आली असेल तर ती या प्रसंगांतच.

जुलै १९६६ मध्ये याच मंडळींचा चित्रपट निघाला तेव्हा न्यूमार दुसऱ्या कामात गुंतली होती, आणि १९५५ ची ‘मिस अमेरिका’ ली मेरिवेदर हिला बोलावण्यात आले. तिच्याकडे न्यूमारची लय नाही. परंतु चित्रपटाने तिला दोन मुखवटे दिले. ती रशियन वार्ताहर किट्काचे सोंग घेते, आणि बॅटमन आपल्या उघड्या रूपात, म्हणजे ब्रूस वेन म्हणून, तिच्यावर खराखुरा भाळतो. शेवटी तिचा मुखवटा गळून पडतो, आणि वीराला जे कळते ते तो कोणाला सांगू शकत नाही. म्हणजे नटी बदलली तरी प्रेमाचा धागा तुटला नाही, उलट अधिक ताणला गेला.

खलपात्रांची ही अदलाबदल पुरुषांतही होत होती. मिस्टर फ्रीझ या हिमपुरुषाचे काम जॉर्ज सँडर्स, ऑटो प्रेमिंजर आणि ईलाय वॉलक या तिघांनी आळीपाळीने केले. कोणाचे काही अडले नाही, कारण त्या भूमिकेत थंडीवाचून दुसरे काही नव्हतेच. मार्जारीचे तसे नव्हते. तिची भूमिका वीराच्या नजरेवर उभी होती, आणि म्हणून तिसऱ्या बदलाच्या वेळी जे घडले ते निव्वळ तारखांच्या हिशोबाने उलगडत नाही.

तिसऱ्या पर्वाच्या वेळी न्यूमार ‘मॅकेनाज गोल्ड’च्या चित्रीकरणाला गेली होती. १९६९ मध्ये आलेला हा चित्रपट आपल्याकडे इतका चालला की मालिकेचे नावही न ऐकलेल्या पुष्कळांनी न्यूमारला त्यात पाहिले असेल. ओळखले मात्र नसेल. (गोथॅमचा पेंग्विन झालेला बर्जेस मेरेडिथ आणि वर सांगितलेला वॉलक हेही त्यात आहेत.) तिच्याकडे अपाची जमातीच्या एका स्त्रीचे काम होते, आणि त्यासाठी या गौरवर्णी नटीला रंग लावून सावळी करण्यात आले. त्याबद्दल त्या काळी कोणाची भुवई वर गेली नाही. तिच्या जागी गोथॅममध्ये आली ती अर्था किट, आणि तिचा वर्ण रंगपेटीतला नव्हता.

किटचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण कॅरोलायनातला, कापसाच्या मुलखातला. कॅथरिन डनहॅमच्या नृत्यसंघातून ती पुढे आली. ऑर्सन वेल्सने तिला हेलन ऑफ ट्रॉय केले. १९५० नंतरच्या दशकात तिची गाणी सर्वत्र गाजली. तिची मार्जारी न्यूमारच्या उलट आहे. ती लहान चणीची, चपळ, आणि अंगापेक्षा आवाजाने मांजर झालेली. ‘र’ हा वर्ण ती असा घोळवते की तो गुरगुरण्याचा की हसण्याचा हे समजू नये. न्यूमारपाशी वीराला भुलण्याचे भय होते. किटपाशी ओरबाडले जाण्याचे आहे. माझ्या मते न्यूमारची मार्जारी अधिक सुंदर, पण किटची अधिक खरी. ती खरोखरच कोणाची नाही.

परंतु १४ डिसेंबर १९६७ रोजी ती प्रथम दिसली तेव्हापासून एक गोष्ट लेखनातून गळली. बॅटमनचे मन आता चळत नाही. लग्नाची गोष्ट नाही, अडखळणे नाही, घाम नाही. तो तिच्याशी जसा पेंग्विनशी वागतो तसाच वागतो. तीच भूमिका, तोच पोषाख, तोच मुखवटा. मधला धागा तेवढा काढून घेतलेला. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. काळ्या-गोऱ्यांच्या विवाहास बंदी करणारे कायदे घटनाबाह्य आहेत असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांपूर्वी दिला होता. कायदा पुसला गेला, तरी घरोघरच्या प्रेक्षकाची मर्जी राखण्याची सवय इतक्या लवकर जाणार नव्हती. तेव्हा किटची निवड धाडसाची होती हे निर्मात्यांस आनंदाने द्यावे. पण नटीला दार उघडून भूमिकेचे अर्धे सामान बाहेर ठेवले, हेही त्यांच्याच खाती मांडावे लागेल. नेहमी स्तुती पहिल्याचीच होते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

कोणी म्हणेल, तिसरे पर्वच क्षीण होते. ते खरे आहे. आठवड्याचे दोन भाग जाऊन एक झाला होता. कथा आखूड झाल्या होत्या. बॅटगर्ल म्हणून इव्हॉन क्रेग ही नवी नटी कायमची आली होती, आणि तिला वाव द्यावयाचा होता. किटचा पहिला कलह पाहावा तर बॅटगर्लशीच आहे. गोथॅमच्या सुवेष स्त्रियांच्या समारंभात ती घुसते, एक बाँब टाकून साऱ्या प्रतिष्ठित बायांचे केस पिंजारून टाकते, आणि पुढे बॅटगर्लला कापड कापण्याच्या यंत्राखाली बांधते. प्रसंग बाष्कळ आहे. किट मात्र तो असा करते की त्या सजलेल्या बायांविषयी तिच्या मनात काय आहे ते एका शब्दावाचून समजते. पर्व क्षीण असल्याने विनोद उणावेल, मारामारी उणावेल. नेमकी एकच भावना समूळ नाहीशी का व्हावी, याचे उत्तर मात्र त्या क्षीणतेतून मिळत नाही.

पाहुणीचे काय करावयाचे, हे अशा मालिकांतून शेवटी प्रेक्षकच ठरवतात असे म्हणतात. ‘बॅटमन’च्या पहिल्याच कथेत जिल सेंट जॉनची मॉली बॅटमनच्या गुहेत मरते, आणि पुढल्या आठवड्यापासून तिची कोणाला आठवण नाही. उलट १९७५ साली ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’मध्ये पाहुणी म्हणून आलेली लिंडसे वॅग्नर दुसऱ्या भागात मेली, तेव्हा प्रेक्षकांच्या पत्रांचा असा पाऊस पडला की तिला जिवंत करावे लागले, आणि १९७६ च्या जानेवारीत तिची स्वतःची ‘बायॉनिक वूमन’ सुरू झाली. किटच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. तिचा निकाल प्रेक्षकांच्या हाती गेलाच नाही.

४ जानेवारी १९६८ रोजी, जोकरच्या जोडीने केलेल्या कथेच्या उत्तरार्धात, तिने मार्जारी रंगवली. १८ जानेवारीस राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये कर्तबगार स्त्रियांना भोजनास बोलावले. तरुणांतील गुन्हेगारी हा चर्चेचा विषय होता. किटला निमंत्रण होते. विचारले तेव्हा तिने सांगितले की मुले बिघडतात ती आईच्या मांडीवरून हिसकावून व्हिएतनामला धाडली जातात म्हणून. प्रतिष्ठित स्त्रियांच्या समारंभात शिरून त्यांची घडी विस्कटण्याचा हा पाच आठवड्यांतला दुसरा प्रसंग. फरक इतकाच की या वेळी तिच्या अंगावर मुखवटा नव्हता. त्यानंतर अमेरिकेत तिला कामे मिळेनाशी झाली, आणि कित्येक वर्षे तिने युरोपात गाऊन काढली. गुप्तचर खात्याने तिच्याविषयी टिपणे जमवली होती, हे १९७५ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले. १९७८ साली ‘टिंबक्टू!’ या संगीतिकेतून ती ब्रॉडवेवर परतली, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिला पुन्हा व्हाइट हाउसमध्ये बोलावले. ती २५ डिसेंबर २००८ रोजी निवर्तली.

न्यूमारचा तो काळा पोषाख स्मिथ्सोनियन संग्रहालयाने जतन केला आहे, आणि तो तेथे असणे योग्यच आहे. किटचा ‘र’ ऐकावयाचा तर त्या मोजक्या भागांकडेच जावे लागते. ज्यांना ते भाग पाहावयास मिळतील त्यांनी प्रथम जुलै १९६६ चा चित्रपट पाहावा, आणि लगोलग डिसेंबर १९६७ ची ती कथा. आणि दोन्ही वेळा नटीकडे न पाहता, ती समोर आली असता बॅटमन कोठे पाहतो आहे, तेवढेच पाहावे.