‘प्रॉम’ : वर्गवास्तवाकडून परीकथेकडे

प्रास्ताविक :
अमेरिकन शालेय जीवनात ‘प्रॉम’ या नृत्यसमारंभास विशेष स्थान आहे. माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस, वसंत ऋतूत होणारा हा समारंभ प्रौढत्वातील प्रवेशाचा सोहळा मानला जातो. पोशाख, प्रवेशिका, वाहन आणि जोडीदार यांमुळे तेथे कोणाला प्रवेश आहे व कोणाला नाही, हेही उघड होते. मिसिसिपी राज्यातील चार्ल्सटन येथे शाळा एकत्र होऊन अनेक दशके लोटल्यावर, २००८ मध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे पहिले एकत्रित प्रॉम झाले. स्टीफन किंग यांच्या ‘कॅरी’ (१९७४) या कादंबरीतील क्रौर्याचा स्फोटही प्रॉममध्येच होतो. म्हणजेच या विषयात गंभीर सामाजिक आशय सामावण्याची क्षमता आहे. या दृष्टीने लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘प्रॉम’ (२००५) या कुमारवयीनांसाठीच्या कादंबरीचा प्रस्तुत लेखात परामर्श घेतला आहे.

अपेक्षा आणि आशय :
अत्याचारानंतर वाचा हरपलेल्या मुलीचे मौन ‘स्पीक’ (१९९९) मध्ये समर्थपणे शब्दबद्ध करणाऱ्या लेखिकेकडून वाचकांच्या अपेक्षा मोठ्या असणे स्वाभाविक आहे. ‘प्रॉम’ची नायिका ॲशली हॅनिगन ही फिलाडेल्फियातील श्रमिक कुटुंबातील मुलगी. शाळेच्या शिक्षांनी ती वेढलेली आहे आणि प्रॉमविषयी पूर्णतः उदासीन आहे. गणिताच्या शिक्षिका मिस क्रेन प्रॉमचा निधी लांबवतात आणि जिवलग मैत्रीण नतालिया हिच्यासाठी ॲशलीला समारंभ वाचवण्याच्या कामात उतरावे लागते. आपल्यासारख्या सामान्य मुलींच्या कथा कोणी सांगत नाही, ही तिची जाणीव कादंबरीचा खरा आरंभबिंदू आहे. उपाहारगृहात उंदराचा पोशाख चढवून नोकरी करणाऱ्या ॲशलीच्या चित्रणात विनोद आणि वर्गीय अपमान एकाच वेळी जाणवतात. हा या कृतीचा सर्वांत सकस भाग होय.

मर्यादा :
दुर्दैवाने ही जाणीव पुढे विकसित होत नाही. शिक्षिकेने केलेला अपहार हा विद्यार्थ्यांच्या विश्वासाचा भंग आहे; परंतु कादंबरीत तो केवळ कथानकाला गती देणारी क्लृप्ती ठरतो. अपुऱ्या साधनांच्या शाळेत असे का घडते, हा प्रश्न मागे पडतो. ॲशलीची उदासीनता ही वास्तविक पाहता प्रॉमच्या दिखाऊपणावरील टीका होती. या टीकेला उत्तर मिळत नाही. मैत्रिणीच्या आग्रहापुढे ती हळूहळू विरघळते. आरंभच परीकथेच्या शैलीत केलेला असल्याने सिंड्रेलाच्या कथेचा उपरोध अपेक्षित असतो, पण अखेरीस तीच कथा शाबूत राहते. अतिशय लहान प्रकरणांमुळे वाचन वेगवान होते. मात्र कोणताही प्रसंग मनात मुरण्याआधीच संपतो.

हलक्याफुलक्या कादंबरीवर एवढा भार टाकणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु दोष विनोदाचा नाही, तसेच गरीब मुलींनी एक रात्र आनंदात घालवावी यातही काही गैर नाही. उमेद आणि धडपड यांच्या बळावर अभाव दूर होतो, या आश्वासनाने संस्थेची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या खांद्यावर सरकते, हा खरा दोष आहे. जिचा पैसा चोरीस गेला, तिनेच काटकसर करून सोहळा साजरा करावा आणि कृतज्ञही राहावे, असा संदेश त्यातून नकळत जातो.

समारोप :
कुमारवयीनांसाठीच्या साहित्याचे मूल्यमापन करताना सुबोधता आणि रंजकता या निकषांवर थांबता येत नाही. वाचकाच्या स्वतःच्या अनुभवाला कृती किती प्रामाणिकपणे सामोरी जाते, हेही पाहावे लागते. ‘प्रॉम’ उपेक्षित मुलीला बोलका, खट्याळ आवाज देते, हे तिचे श्रेय निःसंशय आहे. मात्र त्या आवाजाने विचारलेल्या प्रश्नापासून ती स्वतःच नृत्याच्या झगमगाटात दूर जाते. ‘स्पीक’मध्ये मौनालाही अर्थ होता, येथे बोलणे भरपूर आहे, पण सांगायचे ते राहून गेले आहे.