हवामानबदलाचे मराठी लेखन आणि हिंगोली जिल्हा

हवामानबदल, लोकसंख्यावाढ आणि शाश्वतता या विषयांवर मराठीत गेल्या पन्नास वर्षांत जे लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात: जगभरातील संशोधन आणि इशारे मराठी वाचकापर्यंत आणणारे वैचारिक लेखन, शेती व दुष्काळ यांच्या अनुभवातून आलेले ललित साहित्य, आणि कृषी विद्यापीठे, शासकीय प्रकल्प व शेतीविषयक दैनिके यांनी घडवलेले मार्गदर्शनपर लेखन. तिन्ही प्रवाहांत कसदार काम झाले आहे. मात्र ते एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत आणि त्यांपैकी कोणताही जिल्ह्याच्या पातळीवर स्थिरावत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा समोर ठेवून या लेखनाकडे पाहिले, तर त्याचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही नेमकेपणाने दिसतात.

या विचारपरंपरेचा आरंभ अलीकडचा मानला जातो, पण तो तसा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने गायराने व डोंगर सरकारजमा केल्याने शेतकऱ्याचे पशुधन कसे खालावले, डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व शेतात येणे कसे थांबले आणि मातीचा कस राखण्यासाठी ताली, बंधारे व तलाव का हवेत, याची कारणमीमांसा आहे. निसर्गाची हानी आणि सत्तेची रचना एकत्र पाहण्याची ही दृष्टी पुढच्या मराठी पर्यावरणलेखनात सातत्याने टिकली नाही. लोकसंख्येच्या प्रश्नाचेही असेच झाले. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य आणि तिचा निर्णयाधिकार होता. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र हा प्रश्न डोकी मोजण्यापुरता आक्रसला.

या आक्रसण्यामागे जागतिक चर्चेचा वाटा मोठा होता. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, हा माल्थसचा १७९८ मधील सिद्धांत पॉल अर्लिक यांच्या १९६८ मधील पुस्तकाने नव्या भयासह पुढे आणला, आणि १९७२ मध्ये ‘क्लब ऑफ रोम’साठी तयार झालेल्या ‘वाढीच्या मर्यादा’ या अहवालाने लोकसंख्या, उद्योग, प्रदूषण, अन्न व साधनसंपत्ती यांची संगणकीय सांगड घातली. त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळाला तोंड देत होता. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, पाझर तलाव व रस्ते झाले, आणि अन्नाचा तुटवडा हा बहुतेक वेळा कामाचा व क्रयशक्तीचा तुटवडा असतो, हा धडाही मिळाला. तरीही चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. दुष्काळाच्या कामांवर शिकलेली गोष्ट आणि लोकसंख्येची धास्ती यांतील हा विरोध मराठी वैचारिक वाङ्मयात जितका तपासला जायला हवा होता, तितका तपासला गेला नाही.

आज लोकसंख्येविषयीचे लेखन जुन्या गृहीतकावर चालवणे अवघड झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि त्याआधीच्या दशकातील वाढ १९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्याच्या सुमारे १६ टक्के सरासरीपेक्षा जास्त होती. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ नोंदवला गेला. एकूण जननदर म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी होणाऱ्या अपत्यांची संख्या. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो. अशा स्थितीत ‘माणसे फार झाली’ हे विधान हिंगोलीच्या संकटाचा उलगडा करत नाही. वाटण्यांनी तुकडे झालेली जमीन, ऊसतोडीसाठी किंवा शहरांतील बांधकामांवर होणारे हंगामी स्थलांतर, आणि उपलब्ध पाणी कोणत्या पिकाला दिले जाते, या तीन प्रश्नांतून हे संकट अधिक समजते. एखाद्या प्रदेशातील निसर्ग किती जिवांचा भार कायमस्वरूपी पेलू शकतो, याला धारणक्षमता म्हणतात. तिची मोजणी माणसांच्या संख्येइतकीच त्यांच्या उपभोगावर आणि वाटपाच्या न्यायावर अवलंबून असते. लोकसंख्येवरील मराठी लेखनात ही दुसरी बाजू बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते.

वैचारिक लेखनाच्या प्रवाहात दोन नावे स्वतंत्र विचार मागतात. लातूरचे अतुल देऊळगावकर यांनी ‘बखर पर्यावरणाची आणि विवेकी पर्यावरणवाद्यांची’, ‘विश्वाचे आर्त’ आणि ‘ग्रेटाची हाक’ या पुस्तकांतून आंतरराष्ट्रीय परिषदा, वैज्ञानिकांचे इशारे आणि चळवळी यांची संगती मराठीत लावली. मराठवाड्याच्या लेखकाने जगाकडे इतक्या सजगतेने पाहावे, ही या प्रवाहाची मोठी मिळकत होय. दापोली तालुक्यातील कुडावळे येथे राहून ‘गतिमान संतुलन’ हे मासिक चालवणारे दिलीप कुलकर्णी यांनी ‘निसर्गायण’सारख्या लेखनातून गरजा कमी करणाऱ्या जीवनशैलीचा पुरस्कार केला आणि तो आधी स्वतः आचरला. पहिल्या लेखनाचा रोख धोरणकर्त्यांकडे व सुजाण नागरिकांकडे आहे, तर दुसऱ्याचा उपभोगात बुडालेल्या मध्यमवर्गाकडे. त्यामुळे दोन्हींत कोरडवाहू शेतकरी बहुधा सहानुभूतीचा विषय ठरतो, निर्णय घेणारा वाचक ठरत नाही. सेनगाव तालुक्यातील अल्पभूधारकाला उपभोग कमी करण्याचा उपदेश लागू पडत नाही, आणि जागतिक करारांची माहिती त्याला जूनमध्ये पेरणी करावी की थांबावे, हे सांगत नाही.

ललित साहित्याने हा शेतकरी आतून पाहिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने अख्खी वस्ती उठते. सदानंद देशमुखांच्या २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘बारोमास’ कादंबरीत शेती, शिक्षण आणि बेकारी यांच्या कात्रीत सापडलेले विदर्भातील कुटुंब येते. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या २०१६ मध्ये त्याच पुरस्काराने गौरवलेल्या ‘आलोक’ या कथासंग्रहात मराठवाड्यातील गावगाड्याचे ताण दिसतात. आणि वसमत तालुक्यात जन्मलेल्या इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’पासूनच्या कवितेने येथील काबाडकष्ट व कुणबाऊ बोली यांना मराठी कवितेत हक्काचे स्थान दिले. या साहित्यात पाऊस आहे, पण बहुधा लहरी दैवाच्या रूपात. बाजार, सावकार आणि सरकार यांची कारणे जितक्या बारकाईने उलगडली जातात, तितक्या बारकाईने हवामान उलगडले जात नाही. अमिताव घोष यांनी २०१६ मध्ये एकूणच आधुनिक कादंबरीवर घेतलेला आक्षेप, की तिने हवामानबदलाला गंभीर साहित्याबाहेर ठेवले, मराठी ग्रामीण साहित्याला तसाच लागू होत नाही. येथे अनुभव पुष्कळ आहे, त्याचे कारण मात्र जुन्याच शब्दांत सांगितले जाते.

तिसरा प्रवाह समीक्षकांच्या नजरेतून बहुतेक सुटला आहे. २००५ मध्ये सुरू झालेले ‘ॲग्रोवन’ हे दैनिक, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हवामानाधारित कृषी सल्ले, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या व ‘पोकरा’ या नावाने गावोगाव परिचित असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे ग्रामआराखडे, ही हिंगोलीत हवामानबदलाची प्रत्यक्ष वापरली जाणारी वाङ्मयीन सामग्री आहे. ग्रामआराखड्यातील पाण्याचा ताळेबंद म्हणजे पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, जमिनीत मुरलेले पाणी आणि पिकांची गरज यांचा हिशेब. शाश्वतता या अमूर्त कल्पनेला गावाच्या आकड्यात उतरवणारे असे दुसरे साधन मराठीत क्वचितच आढळते. मात्र हे लेखन प्रश्न विचारत नाही. रुंद वरंबा सरीवर पेरणी करावी, असे ते योग्य रीतीने सांगते; सोयाबीनखाली एवढे क्षेत्र का गेले आणि ज्वारी का हटली, हे सांगणे ते आपले काम मानत नाही.

हिंगोलीचे वास्तव या तिन्ही प्रवाहांना एकत्र येण्यास भाग पाडणारे आहे. मराठवाड्याविषयीच्या लेखनात दुष्काळ हाच स्थायीभाव असतो; हिंगोलीचा प्रश्न मात्र पावसाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याच्या वाटणीचा अधिक आहे. पेरणीनंतर लांब खंड पडतो आणि काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी होते. प्रशासनाच्या भाषेत एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांनी ती मोठ्या प्रमाणावर सोसली. हळदीचे उदाहरण याहून बोलके आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीची बाजारपेठ हळदीसाठी राज्यात ओळखली जाते, आणि या पिकाने अनेक कुटुंबांना सोयाबीनपेक्षा बरे उत्पन्न दिले. पण हळद सुमारे नऊ महिने शेतात उभी असते, तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ओलीत लागते, पाणी साचले की तिला कंदकूज लागते, आणि काढणीनंतर ती शिजवण्यासाठी इंधन लागते. बाजाराने यशस्वी ठरवलेले पीक पाण्याच्या आणि सरपणाच्या हिशेबात कितपत शाश्वत आहे, हा प्रश्न अर्थशास्त्र, कृषिविज्ञान आणि नीतिविचार या तिघांना मिळूनच सोडवावा लागेल.

पाण्याच्या राजकारणाचेही तसेच आहे. पैनगंगेवरील इसापूर आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर ही धरणे जिल्ह्याच्या परिसरात असली, तरी त्यांच्या पाण्यावर शेजारच्या जिल्ह्यांचाही हक्क आहे. जिल्ह्यातील कयाधू नदीचे पाणी खरबी येथील बंधाऱ्यातून इसापूरकडे वळवण्याच्या प्रस्तावाला म्हणूनच जिल्ह्यातून विरोध झाला. दुसरीकडे, याच कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी उगम ग्रामीण विकास संस्थेने लोकसहभागातून काम केले. हवामानाच्या बदलाशी जुळवून घेण्याच्या उपायांना अनुकूलन म्हणतात. एका खोऱ्यातील अनुकूलन दुसऱ्या खोऱ्याचा तोटा ठरू शकतो, हे या वादाने दाखवून दिले. या घडामोडींची नोंद वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर झाली, पण वैचारिक लेखनात त्यांना उदाहरणाचेही स्थान क्वचितच मिळाले.

मराठीतील या लेखनाची उणीव माहितीची किंवा कळकळीची नाही. ती मापाची आहे. पृथ्वीच्या मापाची पुस्तके आहेत, शेताच्या मापाचे सल्ले आहेत, घराच्या मापाच्या कथा-कविता आहेत. ज्या मापावर पाण्याचे वाटप, पीकविमा, बाजार आणि स्थलांतर यांचे निर्णय प्रत्यक्ष घडतात, त्या जिल्ह्याच्या व नदीखोऱ्याच्या मापाचे पुस्तक दुर्मीळ आहे. कयाधूच्या खोऱ्याचा असा ग्रंथ झाला, तर त्यात महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदी, गावांचे पाणीताळेबंद, हळद शिजवणाऱ्या मजुरांचे अनुभव आणि भालेरावांच्या कवितेतील बोली शेजारी शेजारी बसू शकतील. आणि फुले यांनी माती, जंगल व सत्ता यांचा जो एकत्र विचार केला, त्याला आजच्या पुराव्यांचे बळ मिळेल. यापुढे या विषयावरील मराठी पुस्तकाचे मूल्यमापन करताना, त्याने जगाविषयी किती सांगितले याबरोबरच, एखाद्या तालुक्यातील पाण्याच्या आणि पिकाच्या निर्णयाबद्दल ते काही नेमके सांगू शकते का, ही कसोटी समीक्षेने लावायला हवी.