नावाडीण का बुडाली?

शनिवारी शाळा सुटली की आम्ही चौघे शिक्षक आणि अकरावीची पाचसहा मुले प्रयोगशाळेतल्या मोठ्या टेबलाभोवती बसतो. टेबलावर पट नसतो, सोंगट्याही नसतात. असतात ते कागद, पेन्सिली आणि फासे. आमच्यापैकी एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : रात्र आहे, नदीला पूर आहे, पलीकडच्या गावात औषध पोचवायचे आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करील ते बोलून दाखवतात. जे उघडच जमण्यासारखे आहे ते जमते, जे अशक्य आहे ते जमत नाही. मधले सगळे फाशावर सोपवायचे, आणि फाशाचा कौल कसा वाचायचा ते नियमांच्या पुस्तकात पाहायचे. इंग्रजीत यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण भूमिकाखेळ म्हणू.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने नावाडीण घेतली होती. नदीवरच वाढलेली, नाव वल्हवण्यात पंचक्रोशीत पहिली. सूत्रधाराने तिला तीनदा फासा टाकायला लावला : नाव लोटताना, मधल्या धारेत आणि पलीकडे लागताना. पहिल्यांदा १२ पडले, निभावले. मग ४ पडले, मग २. नाव उलटली, औषध वाहून गेले. मुले खूप हसली. पुढच्या शनिवारी ती म्हणाली, "सर, मी आज नुसती बघते."

फासाच तो, पडेल तसा पडेल, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण मुलगी उठून बाजूला बसली होती, आणि दोष फाशाचा की नियमाचा हे तपासता येण्यासारखे होते. म्हणून आम्ही चार नियमपद्धती घेऊन तोच प्रसंग पुन्हा मांडून पाहिला.

आम्ही खेळत होतो तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. या जातीचा बाजारात आलेला हा पहिला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात काढला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली छापलेल्या युद्धखेळातही पंच होता आणि फासे होते. नव्या खेळाने सैन्याच्या जागी एकेक माणूस आणला. शिक्षकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे चमत्कारिक फासे शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगातून मागवलेले होते. चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक : सर्व पृष्ठे एकरूप असणारे हे पाचच सुसम बहुफलक, भूमितीच्या तासाला आपण फळ्यावर काढतो तेच.

यांतला वीस पृष्ठांचा फासा आज या खेळाचा कणा आहे. फासा टाका, त्यात पात्राच्या कौशल्याचा अंक मिळवा, बेरीज ठरलेल्या लक्ष्याइतकी किंवा जास्त आली तर जमले. आमच्या नावाडिणीचा अंक ७ होता आणि लक्ष्य १५. म्हणजे फाशावर ८ किंवा अधिक पडायला हवे. विसांपैकी १३ पृष्ठे अनुकूल, संभाव्यता ६५ टक्के. ज्याने कधी वल्हे धरले नाही त्याचा अंक शून्य. त्याला १५ किंवा अधिक हवेत, म्हणजे ६ पृष्ठे, ३० टक्के. जन्मभराच्या अनुभवाने ३० चे ६५ झाले, एवढेच. दोघांची शर्यत लावली, दोघांनी एकेक फासा टाकून आपापला अंक मिळवला, तर नवखा १०० पैकी जवळजवळ २० वेळा चक्क जिंकतो. (४०० जोड्या मांडून मोजा. नवख्याचा फासा ८ ने किंवा अधिकने मोठा असेल अशा जोड्या ७८ निघतात.) पाच शर्यतींत एकदा नवखा पट्टीच्या नावाड्याला हरवतो, असे जगात होत नाही.

याचे कारण फाशाच्या आकारात आहे. वीस पृष्ठांच्या एका फाशावर १ पडण्याची शक्यता जितकी, तितकीच १० ची आणि तितकीच २० ची. आलेख काढला तर सपाट रेघ. मधला, नेहमीचा, जसा व्हायचा तसा निकाल या फाशाला माहीतच नाही. खेळाच्या कर्त्यांनाही हे जाणवले असावे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत एक सवलत आली : घाई नसेल, धोका नसेल तर फासा न टाकता १० पडले असे धरा. कुशल माणसाचा बचाव करायला फासा बाजूला ठेवावा लागतो, ही त्या फाशाची कबुलीच म्हणायची.

तरी सगळा दोष पुस्तकावर ढकलणे बरोबर नाही. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती वापरत होतो आणि तिच्यात सूत्रधाराला बजावले आहे की निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच फासा मागावा. आमच्या सूत्रधाराने एकाच कामाला तीनदा मागितला. ०.६५ × ०.६५ × ०.६५ करून पाहा. उत्तर ०.२७ च्या थोडे वर येते. आम्ही स्वतःच्या हाताने ६५ टक्क्यांचे २७ टक्के केले आणि वर हसलो. आमच्यातले दोघे गणित शिकवतात, हे येथे सांगून टाकलेले बरे.

दुसरी पद्धत 'गर्प्स'. स्टीव्ह जॅक्सन या टेक्सासमधल्या खेळकर्त्याने ती १९८६ साली काढली. येथे आपले नेहमीचे तीन घनाकृती फासे एकदम टाकायचे आणि बेरीज कौशल्याच्या अंकाइतकी किंवा कमी आली तर जमले. तीन फाशांच्या २१६ शक्यता. बेरीज ३ येण्याची रीत एकच (तिन्हीवर १), पण १० येण्याच्या रीती २७. आलेख मध्ये फुगतो, दोन्ही टोकांना उतरतो. कौशल्य १० असेल तर यशाची शक्यता ५० टक्के, १४ असेल तर ९०.७. तीनदा फासा मागणारा आमचा तोच सूत्रधार येथे आणून बसवला तरी १४ कौशल्याची नावाडीण चारपैकी तीन वेळा औषध पोचवते. नवखा आठातून एकदा. डंजन्समधला ७ आणि येथला १४ हे एकमेकांचे भाषांतर नव्हे, जोडी आम्ही आमच्या अंदाजाने लावली आहे. पण आलेखाचा आकार अंदाजावर अवलंबून नाही.

या फुगीर आलेखाचा अर्थ वर्गात सांगण्यासारखा आहे. नाव पार होणे न होणे एका कारणाने ठरत नाही. वारा, धार, वल्ह्याची पकड, नावेतला भार अशी बरीच लहानलहान कारणे मिळून ते ठरते. ती सगळी एकदम प्रतिकूल होणे विरळा. तीन फाशांची बेरीज या स्थितीचे ओबडधोबड पण प्रामाणिक प्रतिमान आहे. शिवाय एका गुणाने काय फरक पडतो तेही पाहा. कौशल्य १० चे ११ झाले तर शक्यता १२.५ टक्क्यांनी वाढते, १५ चे १६ झाले तर ३ टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. शिकाऊला थोडी मदत पुष्कळ होते, तरबेजाला तीच मदत जाणवतही नाही. डंजन्समध्ये एक गुण कोणालाही, केव्हाही, पाचच टक्के.

मग गर्प्सच का खेळू नये? कारण ते थकवते. पात्रे तयार करण्यातच आमचा एक अख्खा शनिवार गेला. कोष्टकांमागून कोष्टके. एका मुलाने विचारले, की हा खेळ आहे की आयकराचा फॉर्म.

तिसरी पद्धत अगदी वेगळ्या बाजूने येते. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड'मध्ये तिचा पाया आहे. आम्ही त्याच सांगाड्यावर उभा असलेला २०१२ चा 'डंजन वर्ल्ड' वापरला. दोन घनाकृती फासे, त्यांच्या बेरजेत पात्राचा लहानसा अंक मिळवायचा. १० किंवा वर आले तर पूर्ण यश. ६ किंवा खाली आले तर काम बिघडले. आणि ७ ते ९ आले तर काम होते, पण काहीतरी किंमत मोजून. अंक २ असलेल्या नावाडिणीला ३६ पैकी १५ वेळा निखळ यश, १५ वेळा असे सशुल्क यश आणि फक्त ६ वेळा अपयश. नाव पलीकडे लागते, पण एक वल्हे गेलेले असते, किंवा औषधाची पेटी भिजलेली असते. दहावीच्या दोन फाशांच्या उदाहरणात न बसणारे यात काही नाही, तरी टेबलावरचा फरक मोठा होता. हो किंवा नाही एवढेच उत्तर देणारा फासा कथा थांबवतो, हा फासा तिला पुढे ढकलतो. ३५ ला उत्तीर्ण आणि ३४ ला नापास करणाऱ्या आम्हा मंडळींना ही मधली पायरी फार आवडली, हे सांगायला नकोच.

पण किती जमले यापेक्षा त्यातून कोण काय शिकले, याबाबत या पद्धती जे म्हणतात ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक नियमपुस्तकात पात्र सुधारते कसे याचा नियम असतो. तो वाचला की कर्त्यांना शिकणे म्हणजे काय वाटते ते उघडे पडते.

१९७४ च्या डंजन्समध्ये राक्षस मारून आणि खजिना घरी आणून अनुभव मिळे, एका सुवर्णनाण्याला एक गुण. हे हास्यास्पद वाटते खरे. पण त्यामुळे खेळाडू लढाई टाळून युक्तीने खजिना काढायला शिकत, हेही खरे. पुढे नाण्यांचा नियम मागे पडला. पाचव्या आवृत्तीत शत्रूला नमवून पातळी वाढते आणि पातळीबरोबर पात्राला येणाऱ्या साऱ्या गोष्टी सुधारतात. नावाडिणीने वर्षभर वल्ह्याला हात लावला नाही तरी तिचे वल्हवणे सुधारेल.

गर्प्सचा नियम वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिले. २०० तास शिकले की एक गुण. शिक्षकाकडे घेतलेला तास पूर्ण धरायचा, स्वतःच्या अभ्यासाचे दोन तास म्हणजे एक, आणि काम करता करता शिकण्याचे चार तास म्हणजे एक. आठवड्याला ५ तासिका धरल्या तर ४० आठवडे, जवळजवळ आपले शालेय वर्ष. आमच्या धंद्याची एवढी भलामण दुसऱ्या कोणत्या खेळात नसेल, पण तासाला बसणे म्हणजे शिकणे हे आम्ही मान्य करणार नाही.

चौथी पद्धत केऑसियम या प्रकाशनसंस्थेची, १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मधली आणि १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मधली. येथे कौशल्य सरळ टक्क्यांत असते. शंभरापर्यंतचा फासा त्या अंकाइतका किंवा खाली पडला तर जमले. कसोटीच्या वेळी जमले तर कौशल्यापुढे एक खूण करायची. प्रसंग संपल्यावर खूण असलेल्या कौशल्यासाठी पुन्हा फासा टाकायचा, आणि या वेळी तो कौशल्याच्या अंकापेक्षा वर पडला तरच कौशल्य वाढते. जितके जास्त येते तितके आणखी शिकणे अवघड. एकाच प्रयत्नाचा हिशेब करा. ३० टक्के येणाऱ्याला खूण मिळण्याची शक्यता ०.३, वाढ होण्याची ०.७, गुणाकार ०.२१. दहा टक्केवाल्याला ०.०९, ऐंशीवाल्याला ०.१६. सर्वांत जास्त, ०.२५, मिळतात ते बरोबर निम्मे येणाऱ्याला. फार सोपे आणि फार कठीण यांच्या मध्ये शिकणे सर्वांत वेगाने होते, हे कुठेही उपदेश न करता दोन फाशांनी सांगितले आहे. (पुष्कळ प्रयत्न करू दिले तर हे शिखर डावीकडे, नवख्याकडे सरकते. किती सरकते ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी काढावे.) चारही पुस्तकांत आम्हांला सर्वांत विचारी वाटलेला नियम हा.

त्या विद्यार्थिनीला मात्र तो पटला नाही. तोवर ती परत टेबलाशी येऊन बसू लागली होती, हिशेब तपासायला म्हणून. ती म्हणाली, "खूण जमल्यावरच का? मी बुडाले तेव्हाच मला धार कुठे आहे ते कळलं ना?" डंजन वर्ल्ड तिच्या बाजूचे आहे. तेथे ६ किंवा खाली पडले की अनुभवाचा एक गुण मिळतो, यशाच्या फाशाला तो मिळत नाही. त्याचा तोटाही आम्ही पाहिला आहे. एक हुशार मुलगा आपल्या पात्राला मुळीच न जमणारी कामे मुद्दाम अंगावर घेऊन गुण गोळा करू लागला, आणि सूत्रधाराने दर वेळी अपयशाची चोख किंमत वसूल केली तेव्हाच तो थांबला.

सध्या आम्ही केऑसियमची पद्धत तिच्या दुरुस्तीसह खेळतो : जमले तरी खूण, बुडाले तरी खूण. आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे की यामुळे ०.२५ चे सुंदर शिखर नाहीसे होऊन नुसती उतरती रेघ उरते आणि अगदी कोराच सर्वांत लवकर शिकतो असे होते. हिशेबाने ते बरोबर आहे. मुले ऐकत नाहीत.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी वीस पृष्ठांच्या फाशासाठी अडू नये. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला तेव्हा डंजन्सच्या पेटीतही अंक छापलेले पुठ्ठ्याचे तुकडेच देत होते. १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात घाला आणि न बघता एक काढा. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायला मात्र विसरू नका. आम्ही पहिल्या दिवशी विसरलो होतो, आणि डब्यात शेवटी उरलेल्या चिठ्ठीवर कोणता अंक आहे ते सगळ्या मुलांना आधीच ठाऊक होते.