मध्यवर्ती संकेतातील सार्वत्रिक चल : घोषणा व व्याख्या यांची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या अध्यापनात 'घोषणा' आणि 'व्याख्या' हे शब्द पुष्कळदा समानार्थी म्हणून योजले जातात. सार्वत्रिक चलाच्या बाबतीत मात्र हा भेद मूलभूत आहे. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे चिरनेरचा उल्लेख अनेक ग्रंथांत येतो. गाव मात्र एकच आहे. त्याचप्रमाणे घोषणा हा नावाचा उल्लेख होय, तर व्याख्येने त्या नावाला स्मृतीत जागा मिळते. उल्लेख कितीही असोत, जागा एकच असावी लागते.

संकलकाची मध्यवर्ती भाषा हा भेद कितपत स्पष्ट करते, हा खरा प्रश्न आहे. २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर विक्रम अडवे यांनी आरंभलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पाची भाषा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्यात सार्वत्रिक चलाच्या व्याख्येला प्रारंभिक मूल्य द्यावेच लागते. सी भाषेत अध्याहृत राहणारे शून्य येथे लेखी स्वरूपात येते. शिवाय चलाचे नाव मूल्याचे नसून पत्त्याचे निदर्शक असते. मूल्य मिळविण्यासाठी 'लोड' ही स्वतंत्र आज्ञा लागते. ही स्पष्टता निःसंशय प्रशंसनीय आहे.

तथापि या रचनेत एक विसंगती आहे. फलनांसाठी 'डिक्लेअर' व 'डिफाइन' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. चलांसाठी तसे नाहीत. तेथे 'एक्स्टर्नल' हा शब्द लिहिला आणि प्रारंभिक मूल्य वगळले की घोषणा होते. परंतु 'एक्स्टर्नल' हे जोडणीच्या एका प्रकाराचेही नाव आहे आणि साध्या व्याख्येला तोच प्रकार न लिहिता लागू होतो. एकाच शब्दावर दोन कार्ये सोपविल्याने नवशिक्या वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. सी भाषेत दोन फाइलींमध्ये प्रारंभिक मूल्याविना एकाच नावाचा चल लिहिल्यास जीसीसी संकलक पूर्वी दोन्ही 'कॉमन' गटात टाकी व जोडक त्यांना एकत्र करी. एकीकडे पूर्णांक आणि दुसरीकडे दशांश प्रकार असला तरी कार्यक्रम बनत असे आणि चूक चालवतानाच उघड होई. २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून ही पद्धत मूलनियमातून वगळण्यात आली. आता जोडकच दुहेरी व्याख्येची त्रुटी दाखवितो.

जीसीसीच्या 'गिंपल' या मध्यवर्ती रूपाच्या छापील प्रतीत फलनांचे देह दिसतात. सार्वत्रिक चलांची नोंद स्वतंत्र चिन्हसारणीत राहते. त्यामुळे केवळ ती प्रत वाचणाऱ्या विद्यार्थ्याला व्याख्या कोठे आहे हे उमगत नाही. आयआयटी मुंबईत उदय खेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेचे पद्धतशीर अध्यापन केले, त्याचे महत्त्व येथे जाणवते.

सारांश, एलएलव्हीएमची भाषा शब्दयोजनेत सदोष असली तरी व्याख्येला डोळ्यांसमोर आणते, आणि अध्यापनासाठी हा गुण त्या दोषापेक्षा मोलाचा आहे. मराठीतून शिकविताना 'घोषणा' व 'व्याख्या' यांचा काटेकोर वापर झाल्यास उरलेली संदिग्धता दूर होऊ शकेल.