फ्रेंच क्रियापदांचा तक्ता कानाला काय सांगत नाही?

फ्रेंच शिकायला घेतलं की लगेचच एक तक्ता समोर येतो. 'पार्ले' म्हणजे बोलणे, वर्तमानकाळ, सहा ओळी: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. कागदावर यात पाच वेगळी स्पेलिंगं दिसतात. आता फक्त ऐका. मी, तू, तो आणि ते या चारही ओळींत आवाज एकच, 'पार्ल'. उरले 'पार्-लों' आणि 'पार्-ले'. म्हणजे कानाला रूपं तीनच!

लिहायला हा तक्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप असा की उच्चारही त्याच्यावरूनच शिकवले जातात, आणि तिथे तो फसवतो.

'ते बोलतात' या रूपाच्या शेवटी ई-एन-टी ही तीन अक्षरं असतात. कागदावर शब्द दोन तुकड्यांचा वाटतो, तोंडात मात्र एकच सिलॅबल असतो. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण 'बोलतात' लिहितो चार अक्षरांत आणि म्हणतो 'बोल्-तात'. पण फ्रेंच वाचताना भिडस्तपणे शेवटी एखादा स्वर जोडला जातो, 'पार्-ले' म्हणून. झालं! आता ऐकणाऱ्याला 'ते बोलत होते' असं ऐकू येतं, कारण भूतकाळाचं ते रूप नेमकं दोन सिलॅबल्सचं आहे. इथे सिलॅबल मोजणं म्हणजे काळ ओळखणं.

मग अनेकवचन कळतं कशावरून? 'पार्ले'मध्ये 'तो' आणि 'ते' यांत कानाला फरकच नाही. स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदात तो सर्वनामाच्या सांध्यावर येतो: 'तो प्रेम करतो' हे 'इ-लेम', 'ते प्रेम करतात' हे 'इल्-झेम' ('झरा'मधला झ). इतर बऱ्याच क्रियापदांत शेवटचं व्यंजन जागं होतं: संपवतो 'फि-नि', संपवतात 'फि-निस', झोपतो 'दोर', झोपतात 'दोर्म'. खरा नियम हा आहे, आणि नेहमीच्या तक्त्यात तो स्पेलिंगखाली गाडला जातो.

भाषाशास्त्रात हे नवीन नाही. झाँ द्युब्वा यांनी 1967 मध्येच फ्रेंच क्रियापदांची मांडणी बोलीतल्या मूळ रूपांच्या संख्येवरून केली होती. 'लेक्सिक' या फ्रेंच शब्दांच्या डेटाबेसमध्येही स्पेलिंग, उच्चार आणि सिलॅबल्सची संख्या यांचे रकाने वेगवेगळे आहेत. संशोधकाला जो रकाना लागतो, तो विद्यार्थ्याला का देऊ नये?

एक अपवाद लक्षात ठेवा. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत शेवटचा पुसट 'अ' पुष्कळदा ऐकू येतो, आणि जुन्या छंदोबद्ध कवितेत पुढे व्यंजन आलं की तो मोजतात. बाकी रोजच्या फ्रेंचसाठी तुमच्या तक्त्याशेजारी पेन्सिलने दुसरा रकाना आखा आणि ऐकू येतं तेवढंच त्यात लिहा. सहा ओळींच्या तीन झालेल्या तुम्हालाच दिसतील.