जखमेचा दुसरा दिवस

पंचवटीत उतरलेल्या माणसाला रिक्षावाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे एक गोष्ट हमखास सांगतात. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, आणि त्या नासिकेवरून गावाला नाशिक हे नाव पडलं. नावाच्या इतरही व्युत्पत्ती सांगितल्या जातात, पण लोकांनी मनात जपली ती ही. कथेतली जखम कशी लिहावी याचा पहिला धडाही तिच्यातच आहे. नाक कापलं गेल्यावर शूर्पणखा कथेतून नाहीशी होत नाही. ती तशीच रक्तबंबाळ खर-दूषणांकडे धावते, पुढे लंकेत रावणाच्या भरसभेत जाऊन उभी राहते. वार क्षणभराचा होता, पण पुढचं सगळं रामायण त्या जखमेच्या पायांनी चालत गेलं.

हा निकष घेऊन आपल्या कथा-कादंबऱ्या, नाटकं आणि चित्रपट पुन्हा पाहिले की एक उणीव सतत जाणवते. आपल्या लेखकांना जखमेचं पहिलं मिनिट फार चांगलं येतं. तलवार चमकते, लाठी बसते, गोळी सुटते, रक्ताची चिळकांडी उडते. दुसरा दिवस मात्र क्वचितच उजाडतो. पट्टी बांधलेला नायक पुढच्या प्रकरणात घोड्यावर असतो आणि त्याच्या पुढच्या प्रकरणात पट्टीही नसते. वाचकाचा विश्वास नेमका इथे सुटतो, कारण वाचकाचं स्वतःचं बोट कधीतरी विळीवर कापलेलं असतं आणि त्यानंतरचे आठ दिवस त्याला पक्के आठवत असतात.

खरं तर या आठ दिवसांसाठी मराठीइतकी तयारी फार थोड्या भाषांची असेल. जखम झाल्या झाल्या आग होते. रात्री ठणका लागतो. आत पू धरला की ठुसठुसतं, दुर्लक्ष केलं की चिघळतं. भरत आली की खाज सुटते, खपली धरते, ती पडली की व्रण राहतो आणि पुढे थंडीच्या दिवसांत तीच जागा कळ देते. मुका मार, वळ, खरचटणं, लचक, सणक, मुंग्या, बधिरपणा हे सगळे वेगळे अनुभव आहेत आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. हे शब्द ओळीने मांडले तर जखमेचं पंचांग तयार होतं. घरातल्या बायका विचारतात, ‘ठणकतंय की ठुसठुसतंय?’ आणि उत्तरावरून काय करायचं ते ठरवतात. कादंबरीत मात्र बहुतेक वेळा एकच शब्दप्रयोग सापडतो: भळाभळा रक्त वाहू लागलं.

ते रक्तही मोजून वाहायला हवं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. पाऊण लिटरपर्यंत गेलं तर धडधाकट माणूस उभा राहतो, बोलतो, चिडतोही. दीड-दोन लिटर गेलं की नाडी पळू लागते, अंगाला गार घाम सुटतो, घशाला कोरड पडते, बोलण्यात गोंधळ होतो. आणखी गेलं की शुद्ध हरपते. मरणाऱ्या वीराच्या तोंडी दोन पानांचं ओघवतं भाषण घालणाऱ्या लेखकाने हा हिशेब टाळलेला असतो. ‘गोळी खांद्याला लागली, जीव वाचला’ हीही तशीच सवय. खांद्यापाशी हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी आहे, हात हलवणाऱ्या नसांचं जाळं आहे. तिथे बसलेल्या गोळीने जीव वाचला तरी हात कायमचा लुळा पडू शकतो. डोक्यावर दांडका बसून तासन् तास बेशुद्ध राहिलेला माणूस डोळे चोळत उठून शत्रूच्या मागे धावत नाही. दुसरा मार बसला म्हणून हरवलेली स्मृतीही परत येत नाही. गंजलेल्या पात्याने कापलेल्या माणसाला धनुर्वात होणार असेल, तर तो त्याच रात्री होत नाही. तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही होतो, बहुधा जखम विसरायला झालेली असताना. या शेवटच्या गोष्टीत तर आख्खी कथा दडलेली आहे.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीत वीराच्या दोनच अवस्था असतात: अभंग असणं किंवा धारातीर्थी पडणं. मधल्या अवस्थेला बखरींनी जायबंदी हा अचूक शब्द दिला होता. वाक्प्रचारात तो उरला, पण पात्र म्हणून जायबंदी माणूस कादंबरीत फारसा आला नाही. साल्हेरची 1672 ची लढाई आपल्याच बागलाणातली. सूर्यराव काकडे तिथे जंबुऱ्याचा गोळा लागून पडले, हे पोरांनाही पाठ असतं. त्याच रणातून हातपाय गमावून घरी परतलेल्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. राज्यकर्त्यांना तो प्रश्न पडला होता. लढाईनंतर जखमींना जखम पाहून कमी-जास्त होन दिल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. जखमेचं मोल करण्यासाठी तिच्याकडे नीट बघावं लागतं, आणि दरबारातल्या कारकुनाने ते बघणं कर्तव्य मानलं होतं.

जायबंदी माणूस केवढा मोठा होऊ शकतो याचं उदाहरण महादजी शिंद्यांचं आहे. पानिपतावरून 14 जानेवारी 1761 रोजी निसटताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठून पायावर वार केला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून बैलावर घातलं आणि दक्षिणेत आणलं. पाय कायमचा अधू झाला. पुढे दिल्लीचं राजकारण हातात घेणारा हा माणूस आयुष्यभर लंगडत चालला आणि राणेखानाला त्याने भाऊ मानलं. या मैत्रीचं मूळ त्या पायात होतं. यशवंतराव होळकरांचा डोळा बंदुकीच्या अपघातात गेला होता. अशा माणसांवर लिहिताना लेखकाने जिन्याच्या पायऱ्या, घोड्यावर चढण्याची बाजू, दरबारात कुठल्या कुशीवर टेकून बसायचं, एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी शंभर विशेषणांचं काम होतं.

चित्रपटाचा मुद्दा वेगळा आहे, आणि त्याचीही सुरुवात नाशिककरांपासूनच होते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाचं काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं. चित्रीकरणाच्या काळात तो खेळताना पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, आणि फाळक्यांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपला, असं सांगितलं जातं. ही हकीकत वाचून बापाच्या काळजाचा विचार मनात येतोच. कलेच्या बाजूनेही ती बोलकी आहे. पडद्यासमोर बसलेल्याला त्या मुलाच्या डोक्यातला खरा ठणका दिसणं शक्य नव्हतं. जखम खरी असल्याने ती खरी वाटेलच असं नाही. खरेपणा आजूबाजूच्या माणसांच्या वागण्यातून यावा लागतो: जखमीला उचलणाऱ्याने मान कशी धरली, पाणी कुणी आणलं, कोण दूर उभं राहिलं. आजच्या मालिकांमध्ये रंगभूषाकार टाका न् टाका हुबेहूब उमटवतो, पण कोमातून उठलेली सून सराईतपणे जिना उतरते, आणि सगळी मेहनत वाया जाते.

या सगळ्या उणिवांना मराठीत एक खणखणीत अपवाद आहे, आणि तोही नाशिकचाच. बाबूराव बागूल 1930 साली विहितगावला जन्मले. 1963 मधल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या संग्रहात शरीरावर होणारा आघात ज्या ताकदीने आला तसा मराठी कथेत आधी आला नव्हता. शीर्षककथेत गुजरातेत रेल्वेची नोकरी करणारा तरुण जात लपवून राहतो आणि ती उघडी पडल्यावर बेदम मार खातो. बागुलांची भाषा डॉक्टरी काटेकोरपणाची नाही. ती उसळणारी, भडकलेली आहे. तरीही तो मार पटतो, कारण तो पहिल्या पानापासून येऊ घातलेला असतो. खोलीत पाऊल टाकताना, पाणी पिताना, नाव सांगताना त्या तरुणाचं अंग आधीच आक्रसलेलं असतं. बागुलांनी जखमेचा आदला दिवस लिहिला. आणि शेवटी मारणाऱ्या हातांच्या मागे तो तरुण मनूला पाहतो, तेव्हा ती जखम एका अंगापुरती उरत नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मग दुसरा दिवसही लिहिला. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 मध्ये. तिथे मार हा कळसाचा प्रसंग नसतो, रोजच्या जगण्यातली अडचण असते. मार खाल्लेला माणूस कामावर जाऊ शकत नाही, म्हणून चूल पेटत नाही. सुजलेल्या पायांचा असा हिशेब थेट भाकरीशी लागला की वाचक त्या पायांवर विश्वास ठेवतो. डॉक्टरांच्या लेखनातही कथाकारांसाठी मोठा साठा पडून आहे. अरुण लिमयांचं ‘क्लोरोफॉर्म’ असो की रवी बापटांच्या केईएममधल्या आठवणी, वॉर्डातल्या खाटेवर माणूस कसा पडतो, नातेवाईक कुठे ताटकळतात, खर्चाची भीती दुखण्याच्या पुढे कशी धावते, हे कल्पनेने सुचत नाही. ते वाचून, विचारून, बघून घ्यावं लागतं.

नाशिकच्या आजच्या लेखकांना बघायला दूर जायची गरज नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये पॉवर प्रेस चालतात. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यावा, अशी त्यात सोय असते. माल जास्त निघावा म्हणून जिथे एक बटण बांधून ठेवतात, तिथे मोकळा राहिलेला हात साच्याखाली जातो. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के घटली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा टक्के. सभासदाच्या बखरीतल्या होनांचीच ही आजची रीत. त्या चौदा टक्क्यांत शर्टाचं बटण, मोबाइलवर फिरणारं बोट, मुलीच्या पाठीवरून फिरणारा हात कुठेच मोजलेला नसतो. कथाकाराचं काम तक्ता संपतो तिथून सुरू होतं.

गोदाकाठच्या गर्दीचंही तसंच. 27 ऑगस्ट 2003 रोजी कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. अशा वेळी माणसं ‘पायदळी तुडवली गेली’ असं आपण सरसकट लिहितो. दाट गर्दीत बहुतेक माणसं मरतात ती श्वास कोंडून. चारी बाजूंनी आलेल्या दाबाने छाती फुगायलाच जागा उरत नाही, आणि माणूस उभ्या उभ्या जातो. ज्या लेखकाला हे ठाऊक आहे तो किंकाळ्या कमी लिहील. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला ओरडता येत नाही.

आणि आमच्या द्राक्षबागा. गोडी छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या हे काम करतात. दिंडोरीकडच्या एका बागेत संध्याकाळी मी टोळीतल्या एका बाईला चहाचा पेला पदराने धरताना पाहिलं. पेला फार गरम नव्हता. तिच्या बोटांच्या टोकांची सालं गेली होती. दुपारी हातमोजा फाटला होता आणि मुकादमाकडे दुसरा नव्हता. चुलीवर आधण ठेवून तिने नागलीचं पीठ परातीत घेतलं, कढत पाणी ओतलं आणि हात आखडता घेतला. शेजारी बसलेली तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी काही न बोलता पुढे सरकली आणि पीठ मळू लागली. त्या रात्रीच्या भाकरी जाड आणि वेड्यावाकड्या झाल्या. पुरुषांना कुणीतरी बजावत होतं की आज दारूला शिवू नका. या औषधाचा अंश अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. रक्ताचा एक थेंब न सांडता घडलेली ही इजा मी अजून कुठल्या कथेत वाचलेली नाही. लिहिणाऱ्याने रसायनाचं नाव नाही दिलं तरी चालेल. त्या वेड्यावाकड्या भाकरी मात्र यायला हव्यात.

कापलेल्या नाकाचा दुसरा दिवस लिहून ठेवल्याचं एक जुनं उदाहरण आपल्याकडे आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा केला, तो कपाळावर पसरून रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवली आणि काथाच्या लेपाने चिकटवली. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. मुंबईच्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत छापून आली. वीस वर्षांनी तिकडच्या शल्यचिकित्सकांनी हीच रीत उचलली. ती हकीकत आजही पटते, कारण तिच्यात दिवस मोजलेले आहेत.

पण कावसजीचा हात? त्याच्यासाठी कुणा कुंभाराकडे साचा नव्हता. नवं नाक घेऊन तो माणसांत परतला, तेव्हा बैलांच्या मानेवर जू चढवताना दुसरी बाजू त्याने कशाने उचलून धरली असेल? छातीने, कोपराने, की घरातल्या कुणाच्या मदतीने? लंडनच्या मासिकाने हे विचारलं नाही. ते विचारणं मराठी कादंबरीकाराकडे अजून बाकी आहे.